आधी शहराचं घड्याळ विचारा, मग हॉटेलचं नाव

मागच्या अंकात मी विचारलं होतं की फक्त खाण्यासाठी म्हणून जगात कुठे जायला आवडेल आणि जाताना काय अडतंय ते कळवा. इतकी पत्रं आणि मेल आलेत की सगळ्यांना उत्तर देणं अशक्य आहे, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून पाच निवडलेत.

प्रश्न : ताई, यंदा आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, दोघांनाही खाण्याचं प्रचंड वेड आहे. बारा दिवस सुट्टी आहे. पॅरिस, लिऑन, सॅन सेबास्टियन, बार्सिलोना, रोम, नेपल्स, बोलोन्या आणि शेवटी इस्तंबूल अशी लिस्ट केलीये, ट्रेन-विमानाचं पण जमवलंय. काही सुटतंय का?

आधी मनापासून अभिनंदन! आता राग मानू नका, पण सुटत काहीच नाहीये, जास्तच धरलंय तुम्ही. बारा दिवसांत आठ शहरं म्हणजे एका शहराला दीड दिवस, त्यातला अर्धा बॅगा, स्टेशन आणि चेक-इनमध्ये जाणार, उरलेल्या एका दिवसात माणूस नीट जेवणार किती वेळा, दोनदा, फारतर तीनदा, आणि त्यातलं एक जेवण दमल्यामुळे राहायच्या जागेखालीच कुठेतरी उरकलं जातं. पोट एकच असतं हो. मी असते तर दोनच शहरं ठेवली असती, स्पेनच्या बास्क भागातलं सॅन सेबास्टियन आणि इटलीतलं बोलोन्या, सहा-सहा दिवस.

आणि एक गोष्ट जी मला बऱ्याच प्रवासांनंतर उमगली. खाण्याच्या प्रत्येक शहराचं स्वतःचं घड्याळ असतं. कुठला पदार्थ कुठे चांगला मिळतो हे फोनवर दोन मिनिटांत कळतं, पण तो किती वाजता खायचा असतो हे कोणी सांगत नाही, आणि वेळ चुकली की त्याच शहरात, त्याच गल्लीत तुम्हाला वेगळंच आणि बेचव काहीतरी खावं लागतं.

सॅन सेबास्टियनमध्ये हे लगेच कळेल. तिथल्या जुन्या भागात बारला बार लागून आहेत आणि प्रत्येक काउंटरवर पिंचो मांडलेले असतात, म्हणजे दोन-तीन घासांत संपणारे पदार्थ. दुपारी एक ते तीन आणि रात्री आठनंतर, ह्याच खऱ्या वेळा. संध्याकाळी सहाला गेलात तर दुपारचं उरलेलं खाल. तिथली माणसं एका बारमध्ये बसून पोट भरत नाहीत, एकच पिंचो, एक छोटा ग्लास, उभ्या उभ्या गप्पा आणि पुढचा बार. नवख्या माणसाची चूक कुठे होते तर काउंटरवरचं सगळं बघून हुरळून जातो आणि प्लेट भरून घेतो. तसं करू नका. मागे फळ्यावर किंवा कागदावर गरम पदार्थांची नावं लिहिलेली असतात, ते ऑर्डर दिल्यावर आतून बनून येतात आणि खरा जीव त्यांच्यात आहे. गान्बारा नावाच्या बारमध्ये जंगली मश्रूम तव्यावर परतून मधोमध कच्च्या अंड्याचा पिवळा बलक ठेवून देतात, तो फोडून मश्रूमवर फिरवायचा, बस. नेस्तोर म्हणून एक छोटासा बार आहे तिथे बटाट्याचं ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, दिवसाला दोनच बनतात, एक दुपारचं, एक रात्रीचं, आणि आधी जाऊन नाव लिहून यावं लागतं तेव्हा एक तुकडा मिळतो. सुरुवात मात्र हिल्डापासून करा. काडीला ओवलेलं ऑलिव्ह, अँचोव्ही म्हणजे खारवलेला छोटा मासा आणि लोणच्याची हिरवी मिरची, एका घासात खारट-आंबट-तिखट सगळं, भूक अशी खवळते की बास. शेवट ला व्हिन्या नावाच्या बारमधल्या चीजकेकने करा, वरून जवळजवळ काळा, आतून थरथरणारा, खाली बिस्किटाचा थर नाही. आज जगभर बास्क चीजकेक म्हणून जो मिळतो तो १९९०च्या आसपास इथूनच निघाला.

पंचविशीचं एक खास जेवण हवंच ना? मग अर्साक या हॉटेलमध्ये टेबल बुक करा, मिशेलिन या हॉटेलं निवडणाऱ्या नामांकित पुस्तकाचे तिन्ही स्टार १९८९पासून त्यांच्याकडे टिकून आहेत आणि शेफ हुआन मारी अर्साक यांची मुलगी एलेना आता ते किचन सांभाळते. पण एकच असं जेवण ठेवा, दोन नको, नाहीतर पिंचोंना पोटात जागा राहत नाही.

बोलोन्यात घड्याळ उलटं, तिथे पहाटे उठायचं. एक सकाळ मोडेना-रेज्जोच्या बाजूला चीजच्या कारखान्यासाठी ठेवा, आधी वेळ घेऊन जा, कारण पार्मिजानो रेज्जानो बनतं ते सकाळीच आणि दहा-अकरापर्यंत बघण्यासारखं बरंचसं उरकलेलं असतं. मी गेले तेव्हा तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या भांड्याच्या तळाशी दुधाचा घट्ट गोळा बसला होता, दोन माणसांनी लाकडी फळीने तो हळूच वर उचलला, कापडात धरला, सुरीने मधोमध कापला आणि दोन जुळी चीज वेगवेगळ्या कापडांत लटकवली. कोणी काही बोलत नव्हतं, फक्त पाणी निथळल्याचा आवाज. त्याच चीजला पुढे कमीत कमी बारा महिने फळीवर थांबायचं असतं, आणि मग एक माणूस येऊन छोट्या हातोडीने ठोकून, आवाज ऐकून पास-नापास ठरवतो. हे बघितल्यावर संध्याकाळी पास्त्यावर किसलेलं चीज पडतं ना, ते वेगळं लागतं, खरंच लागतं.

शहरात स्पगेटी बोलोनेज शोधू नका. तिथे रागू, म्हणजे खिम्याचा दाट सॉस, तालियातेल्लेवर घालतात, अंड्याच्या कणकेच्या चपट्या पट्ट्या, आणि याबाबत ती माणसं इतकी काटेकोर आहेत की १९७२ साली शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर अशी तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे रीतसर नोंदवली आणि १९८२ साली रागूची कृतीसुद्धा. पट्टी रुंद आणि खरखरीत असली की रागू तिला धरून राहतो, गुळगुळीत गोल स्पगेटीवरून घसरून प्लेटमध्ये खाली बसतो, कारण एवढं साधं आहे.

पॅरिस पुढच्या वेळी. आणि ऑगस्टमध्ये नको, बरीचशी चांगली छोटी हॉटेलं तेव्हा मालकांच्या सुट्टीमुळे बंद असतात.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी आहोत, मासे-अंडी काहीच नाही. प्रत्येक लिस्टमध्ये टोकियो, बँकॉक, मेक्सिको सिटी असतं. आमच्यासाठी यात काही आहे की नुसते फोटो बघायचे?

आहे, भरपूर आहे, पण आधी अडचणी स्पष्ट सांगते म्हणजे तिथे जाऊन मन खट्टू होणार नाही. जपानमध्ये ताटात मासा दिसत नाही तरी दाशीत असतो, म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कात्र्यांचं पाणी, आणि ते सूपमध्ये, सॉसमध्ये, भाज्या शिजवताना, सगळीकडे जातं. थायलंडमध्ये फिश सॉस तसंच. मेक्सिकोत बीन्स पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. आणि इटलीत पार्मिजानो बनवताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, नियमच आहे तसा, तेव्हा ज्यांना हे चालत नाही त्यांनी वरून चीज नको म्हणून सांगायचं. नेपल्समध्ये मारिनारा पिझ्झा मागवा, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, चीज मुळातच नाही आणि तिथल्या सगळ्यात जुन्या पिझ्झांपैकी एक आहे तो.

पण मला विचाराल तर तुम्ही अदिस अबाबाला जा. इथिओपियाचं नाव या लिस्टांमध्ये फार कमी येतं याचं मला खरोखर वाईट वाटतं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचे बुधवार आणि शुक्रवार उपवासाचे, शिवाय ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस, आणि त्यांच्या उपवासात मांस, दूध, अंडी, लोणी सगळं वर्ज्य. त्यामुळे शेकडो वर्षांत तिथे दूध-तुपाशिवाय चविष्ट स्वयंपाक करायची केवढी मोठी विद्या तयार झालीये. हॉटेलात जाऊन ‘यत्सोम बयाय्नेतू’ मागायचं. भलं मोठं गोल ताट येतं, त्यावर टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली मऊ, जाळीदार, आंबूस इंजेरा पसरलेली असते आणि तिच्यावर रंगांच्या ढिगांसारखं एकेक वाढलेलं असतं, लाल तिखट मसूर, पिवळी सौम्य डाळ, शिरो म्हणजे चण्याच्या पिठाचं दाट कालवण, बीट, कोबी-गाजर, हिरव्या पालेभाज्या. सगळे एकाच ताटातून इंजेराचे तुकडे तोडून खातात. शेवटी तळाची इंजेरा राहते, सगळे रस प्यायलेली, ती खायला विसरू नका, ताटातला सगळ्यात चांगला भाग तोच. बुधवारी-शुक्रवारी तर जवळजवळ सगळीकडे मिळतं आणि ताजं मिळतं, म्हणून आठवडा असा धरा की हे दोन्ही वार आत येतील. नंतर कॉफी. हिरव्या बिया तुमच्यासमोर भाजतात, धूर हाताने तुमच्याकडे वळवतात, मग कांडून, मातीच्या भांड्यात उकळून तीन वेळा ओततात, प्रत्येक फेरीला नाव आहे, अबोल, तोना, बरका. तिसरी घेतल्याशिवाय उठायचं नाही.

बँकॉकला जायचंच असेल तर ‘जे’ या शाकाहारी सणाचे नऊ दिवस गाठा, साधारण ऑक्टोबरच्या आसपास येतात, तारखा चांद्र पंचांगाप्रमाणे बदलतात. गाड्यांवर पिवळे झेंडे आणि त्यावर लाल अक्षरं दिसली की तिथे मांस-मासा नाही, फिश सॉस नाही, दूध नाही, लसूण-कांदासुद्धा नाही. याओवारात या चायनाटाउन भागात त्या दिवसांत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते आणि दर दोन पावलांवर खायला असतं.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे, पहिल्यांदाच एकटी फिरायला जाणार आहे. खायला खूप आवडतं पण हॉटेलात एकटीने टेबलावर बसायला फार अवघड वाटतं, सगळे बघतात असं वाटतं. कुठून सुरुवात करू?

टोकियो. डोळे मिटून टोकियो. एकट्याने जेवणं ही तिथे इतकी रोजची गोष्ट आहे की हॉटेलांची रचनाच त्यासाठी असते, एक लांब काउंटर, सहा-आठ स्टुलं आणि समोर शिजवणारा माणूस. बऱ्याच रामेनच्या दुकानांत दाराशी मशीन असतं, पैसे टाकायचे, बटण दाबायचं, निघालेलं तिकीट काउंटरवर ठेवायचं, एक शब्द न बोलता वाफाळता बाऊल तुझ्यासमोर येतो. आवाज करत भुरकलं तरी कोणी वळून बघत नाही, सगळेच तसं खातात. टिप द्यायची पद्धत नाही, त्यामुळे तीही धाकधूक नाही.

सकाळी लवकर त्सुकिजीला जा. घाऊक मासळीबाजार २०१८ साली तिथून तोयोसूला हलला, पण बाहेरच्या गल्ल्या तिथेच आहेत, काडीला टोचलेलं गरम अंड्याचं ऑम्लेट खात फिरायचं, पण दुपारी दोनपर्यंत बरंचसं आवरतं आणि बुधवारी-रविवारी बरीच दुकानं बंद असतात ते बघून जा. संध्याकाळसाठी माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सची तळघरं, देपाचिका म्हणतात. काचेमागे शेकडो पदार्थ, सुशी, तळलेल्या भाज्या, सॅलडं, दागिन्यांसारखी मिठाई. बंद व्हायच्या तासभर आधी कर्मचारी स्टिकरचा रोल घेऊन बाहेर येतात आणि डब्यांवर किंमत कमी केल्याचे स्टिकर लावत जातात, त्यांच्या मागे लोकही शांतपणे चालत असतात, घाई नाही, ढकलाढकली नाही. तू पण चाल. दोन छोटे डबे घे, खोलीवर ने, मांडी घालून खा.

जाता-येता सिंगापूरला दोन दिवस थांबता आलं तर थांब. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना तिथे १९७०च्या दशकापासून मोठमोठ्या छपरांखाली आणून बसवलं, तीच ही हॉकर सेंटर्स, २०२० साली युनेस्कोच्या यादीत आली. टेबलं सगळ्यांची मिळून असतात, अनोळखी माणसं शेजारी बसून जेवतात. रिकाम्या खुर्चीसमोर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा धरलेली आहे असं समजायचं, आणि तूही तसंच पाकीट ठेवून रांगेत जायचं. जेवून झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा.

प्रश्न : मिशेलिन स्टारवाल्या जागांसाठी महिनोन् महिने आधी बुकिंग करावं का? आम्ही मेक्सिको सिटीला जातोय. खरं सांगा, फरक पडतो का?

फरक पडतो, पण स्टार म्हणजे शहर नव्हे. टायरच्या कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी काढलेलं पुस्तक ते, स्टार द्यायला १९२६मध्ये लागले, आणि फार वर्षं तो पांढऱ्या टेबलक्लॉथचाच मामला होता. २०१६ साली सिंगापूरमधल्या सोया सॉस चिकनच्या एका स्टॉलला स्टार मिळाला, आणि २०२४ साली तुम्ही जाताय त्याच शहरात एल् कालिफा दे लिओन नावाच्या टाको काउंटरला. बसायला जागा नाही, तव्यासमोर उभं राहून खायचं, मेन्यूत मोजून चार प्रकार. टाको उत्तम आहे, रांगही तेवढीच मोठी आहे. एकदा उभे राहा, पण सगळा दिवस त्यात घालवू नका कारण मेक्सिको सिटीचा सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक प्रहराचा पदार्थ वेगळा आहे.

सकाळी तमाल, म्हणजे मक्याच्या सालात उकडलेले मक्याच्या पिठाचे गोळे, आणि घाईत असलेली माणसं तोच तमाल पावात घालून खातात. शनिवार-रविवारी सकाळी बार्बाकोआ, रात्रभर खड्ड्यात शिजलेलं मटण, दुपारपर्यंत संपून जातं. मुख्य जेवण दुपारी दोन ते चार. आणि टाकोस अल पास्तोर हा रात्रीचा पदार्थ. लेबनॉनहून आलेल्या लोकांनी शावरमाची उभी सळई आणली, तिच्यावर मेक्सिकोची मिरची आणि डुकराचं मांस चढलं, आणि वर अननस. सळई अंधार पडल्यावर रंगात येते, वाढणारा सुरीच्या एका फटक्यात अननसाची फाक उडवून टाकोत झेलतो ते बघायला तरी रात्री जा.

माझ्या मनात मात्र कोपऱ्यावरची एक बाई बसलीये. बाजाराच्या दाराशी छोटी शेगडी, त्यावर तवा, पायाशी बादलीत निळसर-करडं पीठ. ती मुठीत गोळा घेई, आत बीन्सचं सारण भरी, दोन्ही तळव्यांत थापटून दोन्हीकडे टोकदार असा लांबट आकार करी आणि तव्यावर टाकी, हे सगळं दहा सेकंदांत आणि शेजारणीशी बोलत बोलत. त्याला त्लाकोयो म्हणतात, वर निवडुंगाच्या कापांचं सॅलड, थोडं चीज, हिरवा सालसा. ते निळं पीठ म्हणजे निळा मका, चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवलेला, धुऊन साल काढलेला आणि मग दळलेला. या चुन्याच्या पाण्याला साधं समजू नका. त्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं, आणि युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही म्हणून तिथे मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांना त्याच्या कमतरतेने होणारा पेलाग्रा हा रोग झाला. एवढं सगळं त्या बादलीत होतं. बाईकडे स्टार नव्हता, पाटीसुद्धा नव्हती, आणि दुपारी बाराला तिचं पीठ संपलं की ती उठून घरी जाई.

वेळेच्या याच बाबतीत पेरू देशातल्या लिमाची एक आठवण सांगते. पहिल्या संध्याकाळी सातला मी सेविचे, म्हणजे लिंबात मुरवलेला कच्चा मासा, खायला निघाले आणि एकामागोमाग एक दारं बंद. शेवटी एका दुकानदाराने समजावलं की मासा पहाटे येतो, तो दुपारीच खायचा, रात्रीसाठी ठेवलेला मासा कोण खाणार. फ्रिज आले तरी सवय बदललेली नाही, चांगल्या सेविचेरिया चार-पाचला बंद होतात. दुसऱ्या दिवशी साडेबाराला गेले. लिंबाच्या रसात काही मिनिटंच ठेवलेला मासा, लाल कांदा, मिरची, रताळं, आणि ताटलीत उरलेलं ते पांढरं आंबट-तिखट पाणी, वाघाचं दूध म्हणतात त्याला, तोंडाला लावून प्यायले. संध्याकाळची ती पायपीट त्या घोटात वसूल झाली.

प्रश्न : आईला घेऊन जायचंय, वय ७२, चालते पण हळू. गर्दीत, उभ्याने खाणं तिला जमणार नाही. पण नवीन काही चाखायची हौस दांडगी!

इस्तंबूल. तिथे हळू खाणं हीच रीत आहे. सकाळच्या नाश्त्याला काह्वाल्ती म्हणतात, शब्दाचा अर्थच कॉफीच्या आधीचं, आणि तो दोन तास चालतो. टेबल छोट्या छोट्या बश्यांनी भरून जातं, चार-पाच तऱ्हेची चीज, ऑलिव्ह, टोमॅटो-काकडी, मध आणि सोबत कायमाक म्हणजे घट्ट साय, चेरीचा मुरांबा, मेनेमेन म्हणजे टोमॅटो-मिरचीत मऊ शिजवलेली अंडी, आणि चहाचे ग्लास भरतच राहतात. शनिवारी-रविवारी सगळ्या घरातली माणसं अशी बसलेली दिसतील, आजी-आजोबांसकट, आणि उठायची घाई कोणी करणार नाही.

मग एमिनोन्यूच्या धक्क्यावरून काडिकोयची फेरीबोट घ्या, वीसेक मिनिटं बसून जायचं, चहा बोटीवरच मिळतो, मागे मशिदींचे घुमट आणि डोक्यावर सीगल. पलीकडे धक्क्यापासून जवळच बाजाराच्या गल्ल्या आहेत, बसून जेवायच्या जागा पुष्कळ. दुपारी ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या मागवा, वांगं, आर्टिचोक, घेवडा, दाताला अगदी मऊ आणि पोटाला हलकं, आईंना हे नक्की आवडणार.

थंडीत गेलात तर वेफाचं बोझा चुकवू नका, १८७६पासूनचं दुकान आहे. आंबवलेल्या धान्याचं दाट, किंचित आंबट पेय, ग्लासवर दालचिनी. भाजलेले चणे वरून टाकून चमच्याने खातात, ते समोरच्या दुकानातून आधीच घेऊन यायचे असतात. आईंना आत खुर्चीवर बसवा आणि चणे आणायला तुम्ही जा.